पिनोकिओ पूर्ण वाचलाय का कुणी? (आणि त्या खुर्चीवरच्या बाहुल्याचं काय?)

पाटीपेन्सिल | २ मे, रात्री ११:१०

भाचा सुट्टीला आलाय, वय वर्षं आठ. रोज झोपताना दोन प्रकरणं, असा करार. इंग्रजी अनुवाद समोर धरायचा आणि तोंडाने मराठीत सांगत जायचं, असं करत काल रात्री पिनोकिओ संपलं.

गेल्या वर्षी प्रदर्शनातून याच गोष्टीचं एक चकचकीत पातळ पुस्तक आणलं होतं. खोटं बोललं की नाक वाढतं, देवमासा गिळतो, शेवटी बाहुल्याचा मुलगा होतो, खेळ खलास. गोष्ट एवढीच आहे असं मीही इतकी वर्षं धरून चालले होते. मूळ पुस्तकात छत्तीस प्रकरणं आहेत. आणि देवमासा नाहीच, शार्क आहे! शेपटी सोडून एक किलोमीटरहून लांब, आणि त्याला दमा आहे. दम्यामुळे बिचाऱ्याला तोंड उघडं टाकून झोपावं लागतं, म्हणून तर बापलेक बाहेर निसटतात. भाचा ताडकन उठून बसला, "मग त्याला पंप का नाही दिला कुणी?" (त्याच्या आजोबांकडे आहे, म्हणून.)

आम्ही खूप हसलो. लाकडाला रंधा मारायला घेतला तर लाकूडच म्हणतं, गुदगुल्या होतायत! दोन म्हातारे सुतार भांडतात, आणि भांडण संपतं तेव्हा एकाचा केसांचा टोप दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या दातात. गोगलगाय चौथ्या मजल्यावरून दार उघडायला निघते ती नऊ तासांनी पोचते. पण मला धागा काढावासा वाटला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. हे पुस्तक पानापानावर भुकेचं आहे, आणि हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

जेपेत्तोच्या, म्हणजे पिनोकिओला घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराच्या, खोलीत चूल पेटलेली आहे, चुलीवर पातेलं रटरटतंय, वाफ निघतेय. आणि हे सगळं भिंतीवर रंगवलेलं चित्र आहे! खरी चूल नाहीच. पिनोकिओ पहिल्याच रात्री भुकेने कासावीस होतो, पातेल्याचं झाकण उचलायला धावतो, आणि हात भिंतीला लागतो. तेव्हा त्याचं नाक चार बोटं वाढतं. लक्षात घ्या, तो अजून एकही खोटं बोललेला नाही. भुकेने तोंड पडल्यामुळे नाक वाढलंय. मग त्याला केराच्या ढिगात अंडं सापडतं, ऑम्लेट करायचं म्हणून फोडतो, तर आतून पिल्लू निघतं, वाकून आभार मानतं आणि खिडकीतून भुर्र. सकाळी बाप तीन पेअर आणतो, स्वतःच्या न्याहारीची. हा म्हणतो साल काढून दे, गाभा मी खात नाही. बाप सालं आणि गाभे टेबलाच्या कोपऱ्यावर नीट मांडून ठेवतो, फेकत नाही. थोड्या वेळाने पिनोकिओ निमूटपणे सालंही खातो, गाभेही खातो.

हे वाचताना भाचा गप्प झाला होता. तो सफरचंदाची साल काढून मागणाऱ्यांतला आहे.

आता माझे दोन प्रश्न. पहिला म्हणजे नावांचं मराठीत काय करायचं? जेपेत्तोला पोरं चिडवतात ते नाव आहे पोलेंदीना, त्यावर मी दरवेळी अडखळते. दुसरा प्रश्न भाच्याचा. शेवटी पिनोकिओ खरा मुलगा होतो आणि विचारतो, जुना लाकडाचा पिनोकिओ कुठेय? बाप दाखवतो. खुर्चीला टेकवलेलं एक बाहुलं, मान एका बाजूला कललेली, हात लोंबतायत, पायांची तिढी पडलेली. मुलगा त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, मी बाहुला होतो तेव्हा किती मजेशीर दिसायचो! पुस्तक इथे संपतं. भाच्याने विचारलं, "मग तो मेला का?" मला उत्तर देता आलं नाही.

चिंचगूळ | ३ मे, सकाळी ८:२२

मी पूर्ण वाचायला घेतलं होतं आणि मध्येच सोडलं. लेक सहा वर्षांची. बोलणारा रातकिडा चार शहाणपणाचे शब्द सांगतो आणि पिनोकिओ त्याला हातोडा फेकून मारून टाकतो, तेही चौथ्याच प्रकरणात! डिस्नीच्या सिनेमात तोच किडा छत्री घेऊन गाणी म्हणत शेवटपर्यंत बरोबर असतो ना? मग शेगडीवर ठेवलेले पाय जळून जातात. पुढे कडू औषध घेत नाही म्हणून चार काळे ससे खांद्यावर तिरडी घेऊन खोलीत येतात. त्या रात्री लेक रडली आणि मी पुस्तक कपाटात वर ठेवून दिलं.

मला खरंच कळत नाही, याला विनोदी कसं म्हणायचं? आठ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांत फरक असतो हे मान्य. पण एवढं भीषण लिहायची गरज होती का?

पाटीपेन्सिल | ३ मे, दुपारी १:४०

चिंचगूळ, सहाव्या वर्षी मीही नसतं वाचलं. तुमचं बरोबरच आहे.

पण सशांच्या प्रसंगाला आमच्याकडे सगळ्यात जास्त हशा पिकला, कारण भाचा औषध घेताना अगदी असंच करतो. आधी साखर दे मग औषध घेतो. साखर खाऊन झाल्यावर, अजून थोडी दे. मग पायावरची उशी टोचतेय. मग दार अर्धं उघडं आहे. आणि ससे दिसल्यावर एका घोटात पेला रिकामा! ससे तोंडातल्या तोंडात पुटपुटत परत जातात, फुकट हेलपाटा पडला म्हणून. भाच्याला त्या सशांची दया आली.

त्याआधीचा डॉक्टरांचा प्रसंग वाचलात का? कावळा डॉक्टर नाडी बघून म्हणतो, बाहुला मेलेला आहे, पण मेला नसेल तर तो जिवंत असल्याची खूण समजावी. घुबड डॉक्टर लगेच म्हणतं, माफ करा, जिवंत आहे, पण जिवंत नसेल तर मेला असल्याची खूण. आमच्या घरी आता कशालाही हेच उत्तर मिळतं. दूध संपलंय का? संपलं नसेल तर शिल्लक असल्याची खूण!

भीषणपणाबद्दल एक गोष्ट मला नंतर समजली. ही गोष्ट १८८१ च्या जुलैपासून रोममधल्या मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. ऑक्टोबरमध्ये लेखकाने ती पंधराव्या प्रकरणाशी संपवून टाकली होती. मारेकरी पिनोकिओला ओकच्या मोठ्या झाडावर फाशी देतात, पाय ताठ होतात, समाप्त. मुलांनी मागणी लावून धरली म्हणून १८८२ च्या फेब्रुवारीत ती पुढे सुरू झाली आणि १८८३ च्या जानेवारीत पूर्ण झाली. म्हणजे फाशी वाचून घाबरलेली मुलंच पुढचं मागत होती.

आर्नोकाठ | ३ मे, रात्री १०:०५

अरे वा, हा धागा माझ्या गावचा! बारा वर्षं फिरेन्झेत राहतोय (तुमचं फ्लॉरेन्स), आणि दोन्ही मुलं हे पुस्तक इथल्या शाळेतून घरी घेऊन आली. त्यामुळे थोडं विस्ताराने लिहितो.

लेखकाचं खरं नाव कार्लो लोरेन्झिनी. जन्म इथलाच, १८२६ चा. कोल्लोदी हे त्याच्या आईचं गाव, ते त्याने टोपणनाव म्हणून घेतलं. वडील जिनोरी नावाच्या सरदार घराण्याकडे स्वयंपाकी होते. पाटीपेन्सिल, तुम्ही भुकेचं लिहिलंत ना, ते वाचल्यावर मला हेच आठवलं. दुसऱ्याच्या घरी रोज पंचपक्वान्नं रांधणाऱ्या माणसाचा हा मुलगा. रंगवलेल्या पातेल्याची कल्पना त्याला कुठून सुचली असेल हे मी काय सांगू, पण ते पातेलं मला नेहमी या वडिलांसकट दिसतं.

पिनोकिओ हा इकडच्या बोलीतला चिलगोजासाठीचा जुना शब्द. जेपेत्तो नाव ठेवताना म्हणतो, हे नाव लाभेल, मी एक अख्खं पिनोकिओ घराणं ओळखायचो, बाप पिनोकिओ, आई पिनोकिआ, पोरं पिनोकी, सगळ्यांचं चांगलं चाललं होतं. त्यातला सगळ्यात श्रीमंत होता तो भीक मागायचा! माझी मुलगी हे वाक्य अजूनही मोठ्याने वाचून दाखवते.

आता पोलेंदीना. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला लगदा, पिवळाधमक. जेपेत्तोचा टोप त्याच रंगाचा, म्हणून पोरं त्याला पोलेंदीना म्हणतात आणि तो खवळतो. गरिबाघरचं रोजचं जेवण आहे ते. त्यामुळे चिडवण्यात रंगही आहे आणि गरिबीही. मराठीत काय होईल, तुम्हीच बघा.

चित्रांबद्दल कुणीच काही बोललं नाही अजून! १८८३ साली फेलिचे पाज्जी या प्रकाशकाने पहिलं पुस्तक काढलं, त्यात एन्रिको मात्सांतीची चित्रं आहेत. काळ्या रेषांची, हडकुळ्या बाहुल्याची. १९०१ मध्ये कार्लो किओस्त्रीने काढली, १९११ मध्ये आत्तिल्यो मुस्सीनोने रंगीत काढली. मिळाली तर मात्सांतीची आधी दाखवा भाच्याला. पिनोकिओच्या डोक्यावरची टोपी नीट बघायला सांगा. मजकुरात लिहिलंय की जेपेत्तोने अंगरखा फुलाफुलांच्या कागदाचा केला, बूट झाडाच्या सालीचे आणि टोपी पावाच्या आतल्या मऊ गराची. सिनेमातली टोपी पीस खोचलेली, ऐटदार. मूळ टोपी खायची वस्तू आहे.

रानजाई | ४ मे, सकाळी ७:५०

पोलेंदीना = पिठल्या. दुसरं काही शोधूच नका. "ए पिठल्याऽऽ!" असं गल्लीतून ओरडता येतं, रंग बरोबर, गरिबाघरचं जेवण बरोबर.

पाटीपेन्सिल | ४ मे, सकाळी ८:०२

रानजाई!!! हे इतकं चपखल आहे की मी स्वयंपाकघरात एकटीच ओरडून बघितलं.

मग त्या दुसऱ्या सुताराचं काय? त्याच्या नाकावरून त्याला मास्तर चेरी म्हणतात. नाकाचा शेंडा पिकलेल्या चेरीसारखा तुकतुकीत.

आर्नोकाठ | ४ मे, दुपारी ४:३०

मूळ शब्द 'पाओनात्सा' आहे, म्हणजे लालपेक्षा जांभळटच. जांभूळनाक्या म्हणायला काहीच हरकत नाही.

आणि तो हडकुळा मित्र, जो खेळनगरीला पळून जाऊ म्हणून फूस लावतो? लुचिन्योलो. म्हणजे दिव्याची वात. वातीसारखा बारीक आणि ताठ म्हणून.

रानजाई | ४ मे, दुपारी ४:५२

काडी पैलवान!

आर्नोकाठ | ४ मे, सायंकाळी ५:२०

हसलो, पण हे नाही चालणार. शेवटच्या प्रकरणात पिनोकिओ एका माळ्याकडे दुधासाठी रहाट ओढतो. शंभर बादल्या पाणी काढलं की एक पेला दूध, आजारी बापासाठी. आधी हे काम माळ्याचं गाढव करायचं, ते आता गोठ्यात मरायला टेकलंय. पिनोकिओ त्याला गाढवाच्या भाषेत विचारतो, तू कोण? ते तुटक तुटक नाव सांगतं, लु... चि... न्यो... लो, आणि डोळे मिटतं. तिथे काडी पैलवान आलं तर सगळं वाया जाईल. नाव असं हवं की मरताना उच्चारता येईल.

रानजाई | ४ मे, सायंकाळी ५:४१

बापरे. हे मला माहीतच नव्हतं. मागे घेते. मग सरळ 'वात्या' ठेवा. पोरं पोरांना अशी नावं ठेवतातच. "मी... वा... त्या."

खडूफळा | ५ मे, रात्री ९:१५

प्राथमिक शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात. धागा आवडला, पण एक खटकलेलं सांगतो.

शाळा बुडवून खेळणाऱ्या मुलांची गाढवं होतात, ही या पुस्तकातली मुख्य धमकी आहे. वर्गात 'गाढवा' हा शब्द मी स्वतः वापरत नाही आणि दुसऱ्याला वापरू देत नाही. एखाद्या पोराला चौथीपर्यंत गाढव म्हणत राहिलं की पाचवीत ते मागच्या बाकावर जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'शिकला नाहीस तर गाढव होशील' सांगणारं पुस्तक मुलांना उत्साहाने वाचून दाखवावं असं मला वाटत नाही, ते कितीही विनोदी असो. इटलीतही ढ मुलाला गाढवच म्हणतात का?

जेपेत्तोचा कोट विकायचा प्रसंग मात्र मला फार जवळचा वाटला. बर्फ पडत असताना हा माणूस अंगातला ठिगळांचा कोट घेऊन बाहेर जातो आणि अंकलिपी घेऊन सदऱ्यावर परत येतो. मुलगा विचारतो, कोट? म्हणतो, विकला, उकडत होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं कधी आजीकडे राहतात, कधी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जातात, कोयत्याबरोबर (ऊस तोडणाऱ्या जोडप्याबरोबर). एका आईने जाण्याआधी मुलाचं नवं दप्तर माझ्या हातात ठेवलं, तो परत येईपर्यंत सांभाळा म्हणाली, तिकडे भिजेल. ते कपाटात ठेवलं होतं पाच महिने. हा कोट वाचला आणि मला ते दप्तर दिसलं.

आर्नोकाठ | ५ मे, रात्री ११:३०

हो सर, इथेही 'आसिनो' म्हणजे गाढव आणि ढ मुलगाही. खेळनगरीचं प्रकरण त्या म्हणीसारख्या शब्दाचं शब्दशः चित्र आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. इटलीत १८७७ साली कायदा झाला, सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं. त्याच वर्षी याच लेखकाचं 'जान्नेत्तीनो' नावाचं शालेय वाचनाचं पुस्तक आलं. म्हणजे शाळेच्या बाजूने लिहिणारा माणूस होता हा. आणि चारच वर्षांनी त्याने असा बाहुला लिहिला जो अंकलिपी विकून बाहुल्यांचा खेळ बघायला जातो.

पाटीपेन्सिल | ६ मे, दुपारी १२:१५

खडूफळा सर, दप्तराचं वाचून काही सुचेना म्हणून काल उत्तर दिलं नाही.

गाढवांच्या प्रकरणावर मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. मी ते प्रकरण परत वाचलं, फक्त तुमच्या आक्षेपासाठी. गाडी रात्री येते, चाकांना चिंध्या गुंडाळलेल्या, आवाज होऊ नये म्हणून. ओढायला गाढवांच्या बारा जोड्या, आणि त्यांच्या पायांत पांढऱ्या कातड्याचे बूट, माणसांचे. हाकणारा माणूस लोण्याच्या गोळ्यासारखा गोल आणि गोडबोल्या. पिनोकिओ ज्या गाढवावर बसतो ते रडत असतं आणि हळूच त्याला सावध करतं. गाडीवान उतरतो, लाड केल्यासारखं त्याच्या कानाशी तोंड नेतो आणि कानाचा तुकडा चावून तोडतो.

पुढे लेखक साफ सांगतो की हा माणूस आळशी पोरं गोळा करतो, गाढवं झाली की बाजारात विकतो, आणि काही वर्षांत लखपती झालाय. पिनोकिओ सर्कशीत विकला जातो, लंगडल्यावर त्याच्या कातड्याचा ढोल करायला एक जण विकत घेतो. मुलांचा धंदा करणारा माणूस आहे हा, आणि पुस्तकात त्याला शिक्षा होत नाही. मला त्या पानांवर लेखकाचा राग गाडीवानावर आहे असंच वाटतं. पोरांसाठी त्याच्या पोटात तुटतं. वात्या मरतो तिथे तर उपदेशाचा एक शब्द नाही.

आणि न्यायाधीशाचा प्रसंग? पिनोकिओच्या सोन्याच्या मोहरा कोल्हा आणि मांजर लुबाडतात. तो तक्रार घेऊन जातो. न्यायाधीश म्हातारा गोरिला, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, भिंगं नाहीत. सगळं ऐकून घेतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि हुकूम देतो, या बिचाऱ्याला लुटलंय, तेव्हा याला तुरुंगात टाका. चार महिन्यांनी राजा खूश होऊन सगळ्या गुन्हेगारांना सोडतो. पिनोकिओ निघतो तर शिपाई अडवतो, तू गुन्हेगार नाहीस. मग हा म्हणतो, माफ करा, मीही गुन्हेगारच आहे! शिपाई टोपी काढून सलाम करतो आणि सोडतो. शाळेत जा आणि शहाणा हो, एवढंच सांगायचं असतं तर हे प्रकरण कुणी लिहिलं असतं?

खडूफळा | ६ मे, रात्री ८:४०

बुटांचं मी विसरलो होतो. मुलांचेच बूट असणार ना ते.

गाढव शब्दाबद्दल माझं मत तेच आहे. पण न्यायाधीशाचा प्रसंग जूनमध्ये चौथीला सांगून बघतो.

बोरीबंदर | ७ मे, सकाळी १०:३०

उशिरा आलो. भाच्याच्या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण आपल्या पिढीने हा प्रश्न उलट्या बाजूने पाहिलाय. माणसाचा बाहुला! १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा मी साधारण भाच्याच्याच वयाचा. गुंड मरता मरता आपला जीव बाहुल्यात घालतो आणि पुढे सगळा घोळ. तो बाहुला रामदास पाध्यांनी केलेला. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, घडवलेले अर्धवटराव आधीपासून घराघरांत लाडके, त्यामुळे बोलकी बाहुली म्हणजे हसायचं हे आमच्या डोक्यात पक्कं होतं. आणि तात्या विंचूने एका रात्रीत ते बदललं. घरातली बाहुली महिनाभर कपाटात कोंडली होती बहिणीने.

पिनोकिओत आणि त्यात मला एक मोठा फरक दिसतो. तात्या विंचूला बाहुल्याच्या अंगात अडकायचं नाही, त्याला बाहेर पडायची घाई आहे. पिनोकिओ बाहुल्याच्या अंगात मजेत आहे. धावतो, पोहतो, फाशी दिली तरी लाकूड असल्यामुळे चटकन मरत नाही. गाढव झाल्यावर त्याला समुद्रात बुडवतात, मासे वरचं गाढवाचं मांस खाऊन टाकतात आणि आतून अखंड बाहुला निघतो! तिथे लाकूड असणं हीच त्याची सुटका आहे. म्हणून मुलगा झाल्यावर तो जुन्या बाहुल्याकडे बघून हसतो, ते मला लहानपणी आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही. ज्याने इतकं निभावलं त्याला खुर्चीला टेकवून ठेवायचं?

भाच्याला सांगा, मेला नाही.

माडबन | ७ मे, रात्री ९:०५

कुडाळजवळ राहतो. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची, चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची) आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा तिथे आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल. त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय केलंय. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं. खेळ संपला की बाहुलं खुंटीला टांगतात. मान एका बाजूला कलते, हात लोंबतात, पायघोळ कपडा सरळ खाली पडतो. हुबेहूब तुम्ही लिहिलंय तसं, फक्त खुर्चीऐवजी खुंटी. कळसूत्री करणाऱ्या एका काकांनी मला एकदा एक बाहुलं धरायला दिलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड. दोऱ्या बोटांत घेतल्या, एक बोट उचललं तर भलताच हात वर गेला आणि दुसऱ्या दोरीत अडकला. काकांनी माझ्या हातातून न काढता नुसतं माझं मनगट धरून किंचित हलवलं, तर बाहुल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दचकलो, चाळिशीचा माणूस. नंतर त्यांनी दोऱ्या सोडवल्या, गुंडाळल्या आणि परत खुंटीला लावलं. मेलं असं तेव्हा मनातही आलं नाही. उद्या संध्याकाळी परत खेळ होता.

आणखी एक. पुस्तकात पिनोकिओ बाहुल्यांच्या थिएटरात शिरतो तेव्हा रंगमंचावरच्या बाहुल्या खेळ थांबवून ओरडतात, आमचा भाऊ आला, असं काहीतरी आहे ना? मी लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत तेवढंच लक्षात राहिलंय.

आर्नोकाठ | ७ मे, रात्री १०:४८

हो, दहावं प्रकरण. आर्लेक्किनो आणि पुल्चिनेल्ला हे दोन बाहुले रंगमंचावर भांडत असतात, मध्येच पिनोकिओ दिसतो आणि नाटक बंद पडतं. प्रेक्षक आरडाओरडा करतात, आमचे पैसे! बाहुल्या ऐकतच नाहीत, त्याला खांद्यावर उचलून घेतात. खेळाचा मालक आगखाऊ मांजाफुओको दिसायला राक्षस, पण दया आली की त्याला शिंका येतात. मालक शिंकला की बाहुल्यांच्या जिवात जीव येतो.

पिनोकिओला दोऱ्या नाहीत, हे मात्र तुमच्यामुळे आज नव्याने जाणवलं. थिएटरातल्या सगळ्यांना मालक आहे आणि हा एकटा मोकळा. तरी ते त्याला भाऊच म्हणतात.

चिंचगूळ | ८ मे, सकाळी ७:१५

कपाटावरून पुस्तक खाली काढलंय. ससे वगळून वाचणार, सध्या तरी. पिठल्या आणि जांभूळनाक्याच्या मारामारीपासून काल सुरुवात केली. लेकीने 'परत' म्हणून तीनदा वाचायला लावलं.

पाटीपेन्सिल | ८ मे, रात्री १०:२०

बोरीबंदर, माडबन, तुमचे दोन्ही प्रतिसाद भाच्याला जसेच्या तसे वाचून दाखवले. खुंटीचं त्याला पटलं. पण त्याचं म्हणणं, माडबनकाकांच्या बाहुल्याचा उद्या खेळ आहे, पिनोकिओच्या बाहुल्याचा कुठेय? मुलगा तर आतून निघून गेला. मग त्याने स्वतःच ठरवलं की मुलाला कधीकधी परत बाहुला होता आलं पाहिजे, परीक्षेच्या दिवशी वगैरे, आणि पोहायला जाताना तर नक्कीच, कारण लाकूड बुडत नाही. आज दिवसभर तोच खेळ चाललाय. मी 'बाहुला' म्हटलं की हातपाय लोंबकळत सोफ्यावर पडायचं, 'मुलगा' म्हटलं की उठायचं. जेवायला बोलावलं तेव्हा बाहुलाच होता. म्हणाला बाहुल्याला वरणभात भरवावा लागतो. भरवला.

संध्याकाळी त्याने चित्र काढलं. आर्नोकाठ यांनी सांगितलेली मात्सांतीची चित्रं कालच दाखवली होती, त्यामुळे रंग वापरले नाहीत, नुसतं काळं पेन. खुर्ची, तिच्यावर टेकलेला बाहुला, मान डावीकडे. टोपी पावाची आहे हे कळावं म्हणून तिला भोकं भोकं काढलीत. आणि खुर्चीसमोर जमिनीवर एक ताटली. विचारलं हे काय, तर म्हणाला, पेअर. तीन अख्खी, सालासकट. रात्री भूक लागली तर.